एक डोकं, दोन शेपट्या
गरम खोबरेल तेलाचा वास आला की मला धरमपेठेतल्या ट्यूशन क्लासचा तो बायोलॉजीचा तास आठवतो. मी वाडीहून बसनं यायची, आणि निघण्याआधी आई तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालून द्यायची. त्या दिवशी एसीच्या गारठ्यात सर पेशीचं पटल शिकवत होते. फळ्यावर आकृती काढायची सोडून त्यांनी मलाच पुढे बोलावलं. "हे पहा लिपिड, पटलातला चरबीचा रेणू," ते म्हणाले, "एक डोकं, दोन शेपट्या. डोक्याला पाणी चालतं, शेपट्यांना चालत नाही." आणि त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या वेण्यांवर ओतलं. तेलकट केसांवरून थेंब घरंगळून ओढणीवर पडले. मुलं बाकं बडवत हसली. "अशा शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दोन थर लागतात, त्याचा पडदा होतो. बोल, कशासाठी?" मी म्हणाले, "बाहेरचं काहीही सरळ आत येऊ नये म्हणून." "म्हणजे डोकंही चालतं हिचं," सर म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. संध्याकाळी आईनं विचारलं, "ओढणी काहून ओली झाली वं?" बाटली सांडली, असं मी सांगितलं. "सर बराबर शिकवतेत ना तुले?" "हो." दुसऱ्या दिवसापासून सगळे मला लिपिडच म्हणायला लागले, आणि परीक्षेपर्यंत तिथं माझं नाव कुणी घेतलं नाही. तो धडा मला आजही तोंडपाठ आहे, फक्त तो सरांच्या आवाजात ऐकू येतो.