टिटवीची गाळपेर

साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. पुण्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. शहरातल्या काही सुखवस्तू मंडळींनी पाणपक्ष्यांच्या रक्षणासाठी एक मंडळ काढलं होतं आणि मी त्याची बिनपगारी स्वयंसेविका. फुकट काम करणाऱ्याला आपण फार चांगले आहोत असं वाटू लागतं. मला तर भलतंच वाटायचं.

उन्हाळ्यात दर रविवारी सकाळच्या एसटीने पौड गाठायचं आणि तिथून मिळेल त्या गाडीने मुळशीच्या तलावावर. पाणी उतरलं की कडेची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. त्या मोकळ्या रानात टिटव्या अंडी घालतात. आमचं काम ती घरटी शोधून वहीत नोंदवायचं. घरटं म्हणजे तरी काय, ढेकळांत ठेवलेली ठिपक्यांची तीन-चार अंडी. पाय पडायची वेळ येईपर्यंत दिसत नाहीत.

मला ती दाखवायचा तिथला एक शेतकरी. पन्नाशीचा होता, मी त्याला मामा म्हणायचे. धरण झालं तेव्हा त्याच्या बापाची भातखाचरं बुडाली आणि डोंगरउतारावरचा नाचणीचा तुकडा तेवढा उरला. पण उन्हाळ्यात पाणी सरकलं की त्यांतली दोन खाचरं वर यायची. मामा ती नांगरून काकडी-भोपळा लावायचा, त्यावर पावसाळ्यापर्यंत घर चालायचं. "आमची जिमीन उन्हाळ्याला म्हायेरी येती बगा," असं म्हणून स्वतःच हसायचा. आपलं काम सोडून मला रानभर हिंडवायचा, वर ताक पाजायचा. मी ताक प्यायचे आणि अंडी मोजायचे.

सगळ्यात जास्त घरटी मामाच्याच रानात सापडली. नांगरलेल्या जमिनीत मधेमधे सुपाएवढे तुकडे तसेच राहिलेले दिसायचे आणि अंडी नेमकी त्यांत असायची. नांगरट आळशीपणाची आहे, असं मी मनात म्हटलं. अहवालात मात्र सभ्य भाषेत लिहिलं: "जेथे सुदैवाने नांगर चुकला, तेथेच घरटी वाचली. नांगरणी हाच विणीच्या पक्ष्यांना मुख्य धोका." शहाणपण किती ओसंडून वाहत होतं!

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी तो अहवाल सभेत वाचला. टाळ्या पडल्या. मग साहेबांनी आपल्या ओळखीने तो वरच्या कुठल्याशा कचेरीत पोचवला.

दुसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा मामाच्या रानात पाटी उभी होती: "पक्ष्यांच्या विणीची जागा. नांगरणीस सक्त मनाई." खरं सांगते, पाटी बघून माझी छाती फुगली. रानात शिरले. गुडघाभर तण माजलेलं, त्यात मोकाट गुरं. दुपारपर्यंत पायपीट केली. एक अंडं नाही.

मामा घरी नव्हता. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो असं त्याच्या बायकोने सांगितलं. या वेळी तिने ताक विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला मामा भेटला. हात फडक्याने बांधलेले.

"पाखरं न्हाईत ना?" त्यानेच विचारलं. "यायची न्हाईत. टिटवीला उघडं रान लागतंय. तण माजलं की तिला कोल्हं-मुंगूस दिसत न्हाई, ती बसत न्हाई तितं. आमी नांगरायचो म्हणून ती यायची."

"पण नांगराखाली अंडी जायची ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अवो बाई, अंडी दिसली की औत उचलून पल्याड टाकायचं. पिल्लं निघंपातुर त्येवढी जागा सोडायची. आमचा बाप सोडायचा, त्येचा बाप सोडायचा. तुमी बगितली की ती जागा!"

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी निस्ती अंडी मोजीत व्हता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हातोडा खाली ठेवून म्हणाला, "तवा लिवलं तसं आता बी लिवा. म्हनावं, हा नांगरील तर पाखरं येतील."

मी लिहिलं. काही न झाकता लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा. साहेबांनी चष्मा काढून कागद परत दिला. "ती पाटी म्हणजे मंडळाचं पहिलं यश आहे. त्यावर आपणच शाई ओतायची?" मी भांडायला हवं होतं. भांडले असते तर मंडळातून गेले असते, याहून जास्त काही झालं नसतं. मी कागद घडी करून पर्समध्ये घातला. त्या वर्षी त्यांनी मला मंडळाची चिटणीस केलं, आणि मी झाले. मुळशीचे रविवार दुसऱ्या कोणाला देऊन टाकले. मामासमोर उभं राहायची माझ्यात हिंमत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पत्त्यावर मामाचं एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं असावं. "पाणी उतरले आहे. आपण लिहिले असल्यास औत धरतो. कळवावे."

आठ दिवस ते टेबलावर पडून होतं. मी कळवलं नाही.