आतोबांचं मॉस

उज्जैनला येणारा माणूस मान वर करून देवळांची शिखरं बघतो. अख्खं उज्जैन मान खाली घालून बघितलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण मोठ्या झाडांत त्यांचा जीव कधी रमलाच नाही. वड-पिंपळ त्यांना मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्यांसारखे वाटतात. त्यांचं प्रेम मॉसवर, म्हणजे ओल्या भिंतींवर जी हिरवी मखमल धरते तिच्यावर. तिला कुणी शेवाळं म्हटलं की ते दुखावतात. "शेवाळं पाण्यात! याला खोड आहे, पानं आहेत. जरा नीट बोल!" एकदा रामघाटावर ते पायरीशी ओणवे होऊन भिंगातून बघत होते, तर एका पंड्यानं दंड धरून उठवलं, "बाबूजी, काई है, फिसल जाओगे." आतोबांनी त्यालाच खाली बसवून भिंग दिलं. तिकडे त्याचा जजमान तर्पणाचं पाणी ओंजळीत धरून ताटकळला. माझ्या लग्नाच्या फोटोंत आतोबा फक्त पाठमोरे आहेत, कारण कार्यालयातल्या हँडपंपाशी त्यांना काहीतरी सापडलं होतं. खिशात कायम वर्तमानपत्राच्या पुड्या, पुड्यांत वाळकं मॉस. बशीत पाणी घालून भिजवलं की बघता बघता त्याची पानं उलगडतात. आतोबा आम्हाला कौतुकानं ते दाखवत असतात आणि आत्या स्वयंपाकघरातून विचारत असते, "माझी बशी कधी मिळायची?"

मागे एकदा पावसाळा सरताना भैरवगढला, ठप्पा छपाईच्या एका कारखान्याच्या मागच्या भिंतीवर, जिथे धुतलेल्या कापडांचं पाणी सारखं ठिबकतं, आतोबांना एक मॉस दिसलं आणि त्यांची झोप उडाली. पानांची ठेवण, कडेचे बारीक दात, काही म्हणता काही ओळखीच्या जातीशी जुळेना. म्हणजे नवी जात! तिला आत्याचं नाव द्यायचं हेही ठरलं. आत्या कडाडली, "एवढ्या वर्षांत एक साडी मनासारखी आणली नाहीत, आणि आता भिंतीवरच्या काईला माझं नाव?" पण हीच तक्रार तिनं त्या दुपारी सगळ्या बहिणींना फोन करकरून सांगितली.

अडचण एवढीच, की मॉसला सुईच्या टोकाएवढी बोंडं येतात, ती पिकल्याशिवाय त्याची जात खात्रीनं सांगता येत नाही, आणि इथली बोंडं अजून कच्ची होती. तेवढ्यात कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, चुन्याच्या बादल्या घेऊन हजर. "मास्साब, बिटिया की बारात आ रही है, दीवार तो पुतेगी." आतोबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "तो पहले मुझे पोतो!" चाचांनी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. सगळी भिंत पांढरीशुभ्र झाली, मधोमध पोळीएवढा हिरवा तुकडा तेवढा राहिला. वऱ्हाडी विचारायचे तेव्हा चाचा छाती फुगवून सांगायचे, "साइंस का है, हाथ मत लगाना."

बोंडं पिकली. नमुना दक्षिणेतल्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेला. त्यांचा फोन आला तेव्हा मी आत्याकडेच होतो. आतोबा नुसते "जी, जी हाँ" करत होते. मॉस जुनंच निघालं. उष्ण प्रदेशात जागोजागी उगवणारं, केव्हाच बारसं झालेलं. सतत ठिबकत्या पाण्याखाली राहून त्याचं रूप तेवढं बदललं होतं. "चुकलं माझं," आतोबा म्हणाले आणि फोन हातात धरून बसून राहिले. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं टेबलावरचं भिंग उचललं, एक पुडी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आत डोकावली. बराच वेळ तशीच वाकून होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तर जंगल आहे."

आता आतोबांना बारीक दिसत नाही. ऑपरेशन झालं, तरी भिंगातलं सगळं धूसरच. म्हणून संध्याकाळी दोघं नदीकडे जातात. आत्या गुडघा धरत भिंतीपाशी बसते, आतोबा डोळे मिटून शेजारी उभे राहतात.

"कडेला दात आहेत का गं?"

"आहेत."

"टोकापर्यंत, की मध्येच संपतात?"

आत्या पुन्हा वाकते. "जरा दम धरा हो, बघतेय ना मी."