मामींची साडेसाती आणि शनीची कडी

शनीची कडी पृथ्वीवर कुणाच्या नावावर करून द्यायची झाली, तर ती रेवदंड्याच्या आमच्या मामांच्याच नावावर करावी लागतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांचा बर्फाचा कारखाना. होड्यांना मासळीसाठी लाद्या पुरवायच्या, हा जन्मभराचा धंदा. धंदा बर्फाचा, पण डोकं कायम तापलेलं, आणि तेही आनंदानं! शनीची कडी म्हणजे बहुतेक बर्फाचेच तुकडे असं त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि माणूस हातचा गेला. "जावईबापू, एवढा बरफ! धुळीएवढा, घराएवढा! भुसा न्हाय, गोणपाट न्हाय, लाइटबिल न्हाय, आन् वितळायचं नाव न्हाय!" हे ते अशा थाटात सांगायचे, की माल यांनीच पोचवलाय असं वाटावं. एकदा मी अक्कल पाजळली, की कडी गुरूलाही आहेत. मामा उसळलेच. "हायेत ना! युरेनसला हायेत, नेपच्यूनला हायेत! पण ती कंजुषांची, तिजोरीत ठेवलेली. उघड्यावर मांडणारा दिलदार एकच!"

दुर्बीण आणल्यावर तर त्यांनी कुणाला सोडलं नाही. काशीदला निघालेले पर्यटक संध्याकाळी रस्ता विचारायला थांबले की आधी शनी, मग रस्ता. कहर केला तो माझ्या हळदीला. बाहेर बेंजो वाजतोय, मी पाटावर पिवळाधम्मक, आणि हा गृहस्थ टेम्पोतून दुर्बीण उतरवतोय! माझी आई किंचाळली, "अरे देवा, हळदीच्या अंगानं शनी बघतात व्हय?" मामा म्हणाले, "विहीणबाई, मग आधी तुमी बघा!" आई पदर सावरत आत पळाली. मी मात्र बघितला, आणि खोटं कशाला सांगू, अंगावर काटाच आला. काळ्याशार आभाळात तो एवढासा गोळा, आणि भोवती ते कडं, अगदी खरोखरचं! "मामा, चित्र चिकटवलंय का हो आत?" मी ओरडलो. दुर्बिणीला लागलेली माझी हळद मामांनी कित्येक दिवस पुसली नाही.

पण अख्ख्या गावाला शनी दाखवणाऱ्या या माणसाच्या घरातलंच एक माणूस बघायला तयार नव्हतं. मामी! मामींची रास मकर, आणि साडेसाती लागलेली. दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ. "आधीच त्यो माझ्यावर नजर लावून बसलाय, त्यात मी आपणहून डोळा भिडवू? साडेसाती सरू दे, मग बघीन." झालं, विषय संपला. आणि नशीब बघा, साडेसाती लागली तेव्हा कडी पुरती उघडी होती, नि मग वर्षागणिक मिटत चालली. भाकरी कडेनं डोळ्यासमोर धरली की तिची जशी रेघ दिसते, तशी शनी दर काही वर्षांनी स्वतःची कडी आपल्यापुढे धरतो. मामा काकुळतीला यायचे. "अगं, मिटतायत! आता तरी बघ!" मामी तेलाची वाटी घेऊन देवळात. मध्येच मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "कारखाना पोरं बघतील. हिला कडी दाखवायची ऱ्हायली, तेवढंच." मामा गंमत करत नव्हते.

मागच्या गुढीपाडव्याच्या तोंडावर मामींची साडेसाती सुटली. तेव्हा शनी सूर्याआड, आणि पाठोपाठ पावसाळा. दिवाळीनंतर आभाळ निवळलं, तशा एका संध्याकाळी मामी देवापुढे दिवा लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात आल्या. "लावा तुमची दुर्बीण." मामांचा चेहरा बघवेना. मी त्यांच्या कानाशी लागलो, "बिघडलीय म्हणून सांगा." मामा म्हणाले, "शनीच्या तोंडावर खोटं बोलू?" आणि त्यांनी दुर्बीण लावली.

मामींनी हात जोडले, मग डोळा लावला. "कडं कुठाय? बोरातनं सुई आरपार गेल्यावानी दिसतंय नुसतं."

मामा पायरीवर बसले. "तेच कडं. तुझी साडेसाती सरंपतूर मिटलं गं. आता पुरतं उघडायला सात वर्षं लागतील." सात वर्षं म्हणजे काय, हे अंगणात सगळ्यांनाच कळत होतं.

मामींनी दुर्बिणीचा डोळा सोडला नाही. तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "मग सात वर्षांनी बघू. पर तवर तुमी कुठं जायाचं न्हाय. सांगून ठेवते."

"न्हाय जात," मामा म्हणाले.