देवापुढे ठेवलेल्या गोळ्या

बबनमामांचं पोस्टकार्ड वाचत होतो. तेवढ्यात सुधीर केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "डॉक्टर, आम्ही टांझानियाला चाललो. इंजेक्शनं काय असतील ती मारून टाका एकदाची."

आधी बबनमामांविषयी सांगतो, कारण माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार त्यांचे आहेत. मामा करमाळ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं आणि मेडिकलला पाठवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात मी कोपरखैरण्यात लहान मुलांचा दवाखाना टाकला. दवाखान्यात मनाला जड जाणारं काही घडलं की मी मामांना पत्र लिहायचो.

सुधीर तुर्भ्याच्या एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत सुपरवायझर होता. त्याच्यामागून बायको मंजिरी आली, तिच्या कडेवर पावणेदोन वर्षांची चिऊ. शेवटी सुधीरची आई आली. आजी करमाळा तालुक्यातल्या. मी त्यांच्याकडचा, एवढ्यावरून त्या माझ्या फीमध्ये घासाघीस करायच्या आणि मला एकेरीत बोलायच्या.

"दाक्तरा, तूच सांग ह्याला," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आपल्या खाडीवर डास कमी हायती व्हय? इमानाचं तिकीट काढून डास चावून घ्यायला चाललाय."

"आई, फॅमिली क्वार्टर देतायत," सुधीर म्हणाला.

ते फॅमिली क्वार्टर का महत्त्वाचं होतं, ते मला ठाऊक होतं. चिऊ जन्मली तेव्हा सुधीर मस्कतला होता. तो परत आला तेव्हा ती चालायला लागली होती आणि त्याला 'काका' म्हणत होती. अजूनही म्हणायची. मंजिरी हसून सांगायची. सुधीर हसायचा नाही. या नोकरीत पहिल्यांदाच तिघांना एकत्र राहायला मिळणार होतं.

मी त्यांना एकेक गोष्ट समजावून सांगितली. पिवळ्या तापाची लस माझ्याकडे नसते. ती मुंबईतल्या सरकारी केंद्रात घ्यायची, निघायच्या निदान दहा दिवस आधी, आणि तिथलं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. पिवळा ताप म्हणजे आपली कावीळ नव्हे. सोसायटीच्या कॅम्पात घेतलेली काविळीची लस तिथे चालणार नाही. पाणी उकळून प्यायचं. मच्छरदाणी इथूनच न्यायची. जुलाब झाले तर ओआरएसची पाकिटं.

मग मलेरिया. मलेरियाची लस नव्हती. त्याऐवजी क्लोरोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायचं, निघायच्या आधीपासून सुरू करायचं. मोठ्यांना दोन-दोन गोळ्या, चिऊला वजनाप्रमाणे सिरप. तिकडचा मलेरिया या एका औषधाला पुरता दबत नाही, म्हणून जोडीला रोजची दुसरी गोळी कंपनीचा तिथला डॉक्टर देणार होता. आणि तिकडे ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

"एक वार ठरवा," मी म्हणालो. "म्हणजे चुकणार नाही."

"गुरवार," आजी लगेच म्हणाल्या. "दत्ताचा वार. आमच्याकडं गुरवार चुकत न्हाई."

"उत्तम. आणि औषधं उंचावर ठेवा. चिऊचा हात पोचणार नाही अशी."

"देव्हाऱ्यात ठेवीन की. भिंतीवर हाय, माझाच हात कसाबसा पोचतो."

मला यात काही वावगं दिसलं नाही. आजींच्या घरात जे काही यायचं ते आधी देवापुढे जायचं, हे मी ऐकून होतो. सुधीरचा पगार, नवी साडी, आंब्याची पहिली पेटी. पासपोर्ट आले तेव्हा तेही कुंकू लावून देवापुढे ठेवले होते. त्या कुंकवावरून सुधीरने घर डोक्यावर घेतलं होतं.

पहिला गुरुवार नीट गेला. दुसऱ्या गुरुवारी सकाळी दवाखाना भरलेला असताना मंजिरी चिऊला घेऊन रांग मोडून आत घुसली. मागे सुधीर, त्याच्यामागे धापा टाकत आजी.

"डॉक्टर, हिने गोळ्या खाल्ल्या."

"कुठल्या?"

"मलेरियाच्या. आमच्या."

"किती?"

मंजिरीने सासूकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "वाटीत चार ठेवल्या व्हत्या, ह्यांच्या दोघांच्या. शेजारी साखरफुटाण्याचा परसाद. मी आरतीचं ताट आणाय गेले. येऊन बघते तर वाटीत दोनच."

"एकीचा चुरा तिच्या फ्रॉकवर होता," मंजिरी म्हणाली. "थुंकली असेल. दुसरी नाहीच."

"पण देव्हारा तर भिंतीवर होता ना?"

"सुताराने काल उतरवला," सुधीर म्हणाला. "रूम खाली करायचीय. स्वयंपाकघरात खाली पाटावर ठेवलाय."

चिऊ रोज पूजेनंतर देवापुढे हात जोडायची आणि मग उजवा हात पुढे करायची. आजींनीच शिकवलं होतं. त्या दिवशी प्रसाद द्यायला कुणी नव्हतं आणि देव तिच्या उंचीवर होता. पांढरे साखरफुटाणे, पांढऱ्या गोळ्या. तिने प्रसाद आपल्या हाताने घेतला.

टेबलावर बसून ती माझ्या स्टेथोस्कोपशी खेळत होती.

"ही दोघं दोन-दोन खात्यात, ह्यास्नी काय व्हत न्हाई," आजी म्हणाल्या. "कडू हाय, एवढंच ना रे?"

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. क्लोरोक्विन हे मोठ्या माणसाचं साधं औषध. त्या काळी घराघरात असायचं. पण लहान मुलाच्या शरीरात त्याचा थोडासा जादा डोससुद्धा हृदयावर जातो. मोठ्यांची एक गोळी दहा किलोच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. आणि फार वेळ मिळत नाही. मूल हसतंखेळतं असतं, मग गुंगी येते, मग झटके.

मी उठलो. बाहेरच्या पेशंटना म्हणालो, दवाखाना बंद.

"कुठे?" सुधीरने विचारलं.

"वाशीला, हॉस्पिटलात. पोट धुवावं लागेल."

"अहो, पण ती तर एकदम नॉर्मल आहे. परवा फ्लाइट आहे आमची. उगाच अ‍ॅडमिट वगैरे..."

"सुधीर, रिक्षा थांबव."

रिक्षात चिऊ माझ्या मांडीवर होती. आजी आणि मंजिरी शेजारी, सुधीर ड्रायव्हरजवळ. वाशीच्या अलीकडे मार्केटला जाणारे कांद्याचे ट्रक तिरके अडकले होते. सुधीर खाली उतरून ट्रकवाल्यांना शिव्या देऊ लागला. चिऊची मान माझ्या दंडावर कलंडली.

"झोपायची वेळ झाली तिची," आजी म्हणाल्या.

मी चिऊला हलवून पाहिलं. मंजिरी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने आजींचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला.

हॉस्पिटलात पोचलो आणि पहिला झटका आला. तिथल्या डॉक्टरांना मी रिक्षातून उतरता उतरताच औषधाचं नाव आणि चिऊचं वजन सांगितलं. झटका थांबवायचं इंजेक्शन, श्वासनलिकेत नळी, मग पोट धुणं, मग कोळशाची पूड. ही पूड पोटात उरलेलं औषध धरून ठेवते. मॉनिटरवर हृदयाची रेघ वेडीवाकडी चालत होती. चिऊला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवलं. मी त्या हॉस्पिटलचा नव्हतो. मला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी बाहेर बाकावर येऊन बसलो.

आजी जमिनीवर बसल्या होत्या. कुणी त्यांना वर बस म्हणत नव्हतं. मीही म्हणालो नाही.

चिऊ वाचली. दोन दिवसांनी नळी निघाली. त्याच दिवशी त्यांचं विमान त्यांच्याशिवाय गेलं. सुधीरच्या कंपनीने थोडी मुदत वाढवून दिली.

मुदत संपत आली तेव्हा सुधीर आणि मंजिरी माझ्याकडे आले. चिऊ बरोबर होती. आजी नव्हत्या.

"आता नेता येईल ना हिला?" सुधीरने विचारलं.

"तब्येत म्हणाल तर येईल," मी म्हणालो. "पण ती पूर्ण बरी झाली की सिरप परत सुरू करायला हवं. आठवड्याला एक मापच. त्या मापाने काही होत नाही."

"तेच औषध?" मंजिरी म्हणाली.

"हो. तिच्या वयाला इथे दुसरं माझ्याकडे नाही."

"मी नाही देणार."

"मी देतो," सुधीर म्हणाला. "माझ्या हाताने मोजून देतो."

"तुम्हीपण नाही. कुणीच नाही. बाटली घरात आली तर मी फेकून देईन."

सुधीर माझ्याकडे वळला. "डॉक्टर, विदाउट औषध नेली तर? मच्छरदाणी वापरू. मलम लावू. दारं बंद ठेवू. तिकडची मुलं राहतातच की."

मी मंजिरीला समजवायचा प्रयत्न केला. माप दाखवलं, हिशेब कागदावर मांडला. ती कागदाकडे बघत होती आणि मान हलवत होती. तिने ते झटके पाहिले होते. माझ्याकडे त्यावर आकडे होते फक्त.

शेवटी मी म्हणालो, "औषध देणार नसाल तर चिऊला नेऊ नका."

सुधीरने टेबलावरचा हिशेबाचा कागद उलटा ठेवला. मग चिऊला म्हणाला, "चल गं, डॉक्टरकाकांना टाटा कर." टांझानियाला तो एकटाच गेला. मंजिरीने रूमचं भाडं पुढे चालू ठेवलं.

त्यानंतर परदेशी निघालेलं कुणी आलं की मी औषध लिहिण्याआधी विचारतो, सामान बांधायला घेतलंय का? बांधाबांध चालू असलेल्या घरात उंच जागा अशी उरत नाही. माळ्यावरचं, फळीवरचं, भिंतीवरचं सगळं जमिनीवर आलेलं असतं. आणि जमीन मुलांची असते.

सुधीर गेला त्या महिन्यात मी मामांना लिहिलेलं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. ते असं:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. मागच्या पत्रात चिऊ नावाच्या मुलीचं लिहिलं होतं. ती आता पळते. तिची आजी मात्र गावी परत गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. गाव करमाळ्यापासून लांब नाही, एसटी जाते. पत्ता मागे लिहिला आहे. ती तिथे एकटीच आहे.

काल मंजिरी आली होती. ती म्हणाली, आजीने गावी गेल्यापासून बीपीची गोळी बंद केली आहे. निरोप धाडला तर उत्तर आलं की गोळीला म्हणून हात लावणार नाही. मंजिरी एवढं सांगून रडली, पण स्वतः जायला तयार नाही. मी गेलो तर मला बघून आजीला ते सगळं आठवेल.

मामा, तुम्ही जाल का? एवढी वर्षं तुम्ही लोकांना औषध देत आलात. तुमचा शब्द ती कदाचित ऐकेल. गोळ्या तुमच्याजवळच ठेवा, तिच्या घरात ठेवू नका. शक्य होईल तितके दिवस जाऊन एकेक हातावर द्या. आणि ती आधी देवापुढे ठेवते म्हणाली, तर ठेवू द्या.

आपला,
दत्तू"