भुताच्या प्रवेशाचा आवाज

चंद्रपुरात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंग करत असे. भीमगीतांच्या गायनपार्ट्या यायच्या, आणि दिवाळी जवळ आली की झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या. त्यांना गाणी लागत आणि प्रसंगांचे आवाज लागत. वीज, घोडा, रडणारं मूल, भूत. सगळं मी स्पूलवर, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळावर, भरायचो आणि कॅसेटवर उतरवून द्यायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा इंजिनिअरिंगची चार पोरं आली. त्यांचा रॉक बँड होता.

"काका, गाणे नाई, अल्बम आहे आमचा. पहिला," ड्रम वाजवणारा म्हणाला. "आठही गाणे एकापाठी एक ऐकाचे."

त्यांनी गिटार छेडली आणि मी घाबरून मशीन बंद केली. म्हटलं, स्पीकर फाटला.

"फाटला नाई काका, तसाच पाह्यजे," गायक हसून म्हणाला.

तो धानोऱ्याकडच्या एका गावचा. वडील नव्हते, आई अंगणवाडीत होती. लहानपणी विहारात भीमगीतं म्हणून त्याचा गळा तयार झालेला. बँडचा ताल जड आणि सावकाश होता, गिटार चिखलातून ओढत आणल्यासारखी. तो निम्मं गाणं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि मग एकदम फुटायचा. शब्द त्याच्या घरच्या बोलीतले. सातव्या गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबत आणि तो एकटा, श्वास संपेपर्यंत, ओरडे. रेकॉर्डिंगच्या वेळी ते त्याने एकदाच केलं.

"परत नाई होनार काका," तो घसा धरून खाली बसला. "जमलं तेवढं राहू द्या."

दोन स्पूल भरले. परीक्षा झाली की नागपूरला नेऊन कॅसेटी काढू, असं सांगून पोरं गेली. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

मग नाटकांचा हंगाम लागला. एका कंपनीचे मालक आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच कुरकुरू लागले.

"भाऊ, आमचं भूत मांजरावानी ओरडून राह्यलं. लोक भ्यायचे सोडून हासतेत. काही तरी द्या जबरदस्त."

मी सातव्या गाण्याचा शेवट ऐकवला. ते दचकले. म्हणाले, "हेच. कोनाचा गळा आहे हा?" मी सांगितलं नाही. तो आवाज मी त्यांच्या कॅसेटवर उतरवला, एक कॅसेट स्वतःकडेही ठेवली. त्याच आठवड्यात माझे कोरे स्पूल संपले. नागपूरहून यायला दिवस लागले असते आणि गाणी भरायला कलाकार दारात उभे होते. मी पोरांचे दोन्ही स्पूल चढवले आणि त्यांच्यावर नाटकाची गाणी भरली. पोरांचा गोंगाट आहे, पुन्हा वाजवतील, असं मनाशी म्हटलं. ते खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

महिन्याभराने ड्रमवाला आला.

"काका, टेप?"

"तुमचा गायक घेऊन गेला की."

हे माझ्या तोंडून आपोआप निघालं. त्याने सहज विश्वास ठेवला, कारण गायकाला स्वतःची दोन गाणी पसंत नव्हती, ती पुन्हा करू म्हणून तो भांडला होता. मित्रांना वाटलं, यानेच टेप फेकली. दुसऱ्या दिवशी गायक स्वतः दुकानात आला. समोर दोन गिऱ्हाइकं होती.

"काका, मी नेली का टेप? तुमीच सांगा माह्या दोस्ताईले."

मी मान वर न करता म्हणालो, "नेलीस न बाबा. विसरला असशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पायरी उतरला.

बँड मोडला. पावसाळ्यात तो गावी असताना ताप त्याच्या डोक्यात चढला, तिकडचा नेहमीचा मलेरिया, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. तिघांपैकी कुणी मातीला गेलं नाही.

पुढचे तीन हंगाम ते नाटक चाललं. दुसऱ्या कंपन्यांनीही तो आवाज मागितला आणि मी देत गेलो, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात रात्री नाटक असे; दुपारी मंडपाचे भोंगे तपासताना पोरं नेमका तोच तुकडा लावत. मी सायकल थांबवून उभा राहायचो. कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून, शेतांवरून, तो मेलेला मुलगा ओरडत यायचा, आणि मंडपातली माणसं हसत म्हणायची, "थोडा आवाज वाढवा."

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडची ती कॅसेट घेऊन मी त्याच्या आईकडे गेलो. वाटलं होतं, तिला काही माहीत नसेल. मी टेप लावली. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"तीन साल पाह्यलं मी हे नाटक," ती म्हणाली. "जिथी लागे तिथी मी जाओ. भूत यायच्या टायमाले मंडपात समोर सरकून बसो. बाकीचं गानं कुठी आहे?"

"मी पुसलं बाई. आणि नाव त्याचं घेतलं."

आता तिचा हात थांबला.

"मले मालूम होतं, त्यानं नाई नेली. तो घरी येऊन हेच म्हने, मी नाई नेली वं माय. तापातही हेच म्हने." तिने सूप बाजूला ठेवलं. "त्याच्या दोस्ताईले सांग. तोंडी नको. तोंडानं तू काहीही बोलतं. लिहून दे."

कॅसेट तिने परत दिली नाही.

म्हणून लिहितो. टेप गायकाने नेली नव्हती. ती माझ्या मशीनवर, माझ्या हाताने, दिवसाढवळ्या पुसली गेली. आठ गाण्यांचा तो अल्बम होता. त्यातलं जे उरलं आहे ते धानोऱ्याकडे त्याच्या आईपाशी आहे. तिघांनी जाऊन ऐकावं. ती दुपारी घरीच असते.