पर्यायी पत्ता

आमच्या घरात ई-मेलचा पत्ता एकच होता आणि त्याचा पासवर्ड म्हणजे पप्पांच्या स्कूटरचा नंबर. तो घरात सगळ्यांना पाठ, शेजारच्या काकूंनाही पाठ. घरात लपवण्यासारखं आहे काय, असं पप्पांचं म्हणणं. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की ते बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत जायचे, आलेली प्रत्येक मेल छापून आणायचे आणि जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मैत्रिणीनं मला वाढदिवसाला पाठवलेलं ग्रीटिंगसुद्धा आमच्याकडे वरणभाताबरोबर वाचलं गेलं आहे.

इंजिनिअरिंग संपलं त्या वर्षी बंगलोरची एक कंपनी मुलाखतींसाठी पुण्यात आली होती. मी घरी न सांगता जाऊन आले. सांगून काय होणार होतं? ‘पुण्यात काय कंपन्या कमी पडल्या?’ हे मी आधीच ऐकून बसले होते. मला मात्र जायचं होतं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, आणि माझं पत्र मीच आधी वाचणार, एवढंच माझं स्वप्न होतं. कंपनीचं उत्तर घरच्या पत्त्यावर आलं असतं तर ते ताटावरच संपलं असतं. म्हणून मी स्वतःचं वेगळं खातं उघडलं.

कॅफेचे मालक म्हणजे अस्सल पुणेरी माणूस. ‘पासवर्ड विसरल्यास आम्हास विचारू नये’ अशी पाटीच त्यांनी लावली होती. तरी त्या दिवशी बरे होते. नाव नको, तारीख नको, लहानमोठी अक्षरं मिसळा, मध्ये आकडे आणि एखादं चिन्ह टाका आणि कुठे लिहून ठेवू नका, असं त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं. मी अक्षरशः तसंच केलं. विसरलात तर, म्हणून खात्यानं एक प्रश्न विचारला: आवडते शिक्षक कोण? खरं उत्तर घरातल्या कुणीही झोपेत दिलं असतं, म्हणून मी ज्या बाईंचा मला संताप यायचा त्यांचं नाव घातलं. शेवटी खात्याला एक पर्यायी पत्ता हवा होता. माझ्याकडे दुसरा पत्ता होता कुठे? दिला घरचाच. तो कशासाठी मागतात हा विचार मनात आलाही नाही.

मग मला टायफॉइड झाला. अंथरुणातून उठून कॅफेत गेले तर बोटं कीबोर्डवर नुसतीच थांबली. रोज जे न बघता टाइप होत होतं, ते साफ पुसलं गेलं होतं. बाईंचं नाव घातलं, तेही चुकलं. संताप यायचा अशा बाई शाळेत एकच थोड्याच होत्या! एकेकीला आठवून बघितलं. कंपनीचं उत्तर एव्हाना आलं असणार आणि होकार कळवायला मुदतही असणार. शेवटी नवीन पासवर्डची विनंती केली, तर पडद्यावर आलं की पासवर्ड बदलायची लिंक तुमच्या पर्यायी पत्त्यावर पाठवली आहे. मी घाईघाईनं घरचं खातं उघडायला गेले आणि दिवे गेले. शनिवार होता. मालकांनी शटर ओढलं, आता उद्याच, म्हणाले.

सकाळी मी आंघोळ करून येईपर्यंत पप्पा गेलेसुद्धा होते.

आयुष्यभर सरकारी परिपत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस तो. त्या मेलमध्ये जे करा म्हटलं होतं, ते त्यांनी बिनचूक केलं. घरी येऊन, दळण आणल्यासारखं सहज, म्हणाले की तुझा पासवर्ड अडकला होता, नवीन करून आणलाय. ओरडले नाहीत, वेगळं खातं कशाला म्हणून विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क त्यांना थँक यू म्हटलं.

संध्याकाळी खातं उघडलं. बंगलोरची निवड झाल्याची मेल होती, वाचलेली. आणि पाठवलेल्या मेलमध्ये तिचं उत्तर होतं, माझ्या नावानं, स्वच्छ सरकारी इंग्रजीत. घरगुती अडचणींमुळे मी ही नोकरी स्वीकारू शकत नाही, तसदीबद्दल क्षमस्व. मला प्रचंड राग आला. मी कंपनीला लिहायला बसले. पण लिहिणार काय? वडिलांनी माझं खातं उघडलं म्हणून? कॉम्प्युटरच्याच नोकरीसाठी निवडलेली मुलगी, आणि तिला स्वतःचा पासवर्ड सांभाळता येत नाही! आधीची मेल चुकून गेली, मी यायला तयार आहे, एवढंच लिहिलं. दोन्ही मेल एकाच पत्त्यावरून, एकाच नावानं गेल्या होत्या. त्यांनी कुठल्या मुलीवर विश्वास ठेवायचा? जागा भरली आहे, असं उत्तर आलं.

पप्पा विदर्भातून एकटे पुण्यात आले, तेव्हा आडनाव ऐकून त्यांना खोल्या नाकारल्या गेल्या होत्या. हे मला आईनं सांगितलं होतं, ते स्वतः कधीच बोलले नाहीत. परक्या शहरात माझ्या तोंडावर दार लागेल, हीच भीती त्यांना असणार. ते मला कळत होतं, तरी राग कमी होत नव्हता. आजही झालेला नाही.

कंपनीचं उत्तर आलं त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“पप्पा, मला एकदा विचारायचं तरी.”

त्यांनी चष्मा काढला.

“विचारलं असतं तर तू गेली असतीस,” ते म्हणाले.