ताईची मांजर रोह्याला आणली तेव्हा

पेणला माझी थोरली बहीण एकटी राहायची. शिवणकाम करायची, आणि घरात सोबतीला एक करडी मांजर. ताईचं पोटाचं ऑपरेशन मुंबईच्या इस्पितळात ठरलं. मामेभाऊ सोबत जाणार होता. सगळी बांधाबांध झाल्यावर ताई शिलाई मशीनवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, घाबरली असेल. पण तिचा जीव मांजरीत अडकला होता. मी लगेच म्हटलं, मी रोह्याला नेते.

आमच्याकडे सहा वर्षांचा बोका आहे हे तिला ठाऊक होतं. भांडणार नाहीत ना, असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. खरं तर मी नवऱ्यालाही विचारलेलं नव्हतं.

झाकणाच्या टोपलीत घालून मी मांजर एसटीने आणली. वडखळपर्यंत ती गप्प होती. नागोठणं मागे पडल्यावर जी ओरडायला लागली ती रोहा येईपर्यंत. घरात शिरल्या शिरल्या मला तिची दया आली आणि मी स्वयंपाकघरातच टोपलीचं झाकण उघडलं. ती चूक माझी. बोका चुलीच्या ओट्याखाली बसलेला होता, तो मला दिसलाच नाही. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग नुसता केसांचा गोळा जमिनीवर फिरायला लागला. मी मध्ये हात घातला. कुणाच्या नखाने ते कळलं नाही, पण मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा उठला आणि रक्त ओघळलं.

नवरा धाटावच्या कंपनीत कामाला होता. रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तो धावत आला, दोघांवर चादर टाकली, बोक्याला त्या चादरीत गुंडाळून बाहेर नेलं. मी मांजरीला तांदळाच्या खोलीत कोंडलं.

त्या दिवसापासून घर दाराच्या कड्यांवर चालायला लागलं. एक दार उघडायचं तर दुसरं आधी लावायचं. बोका त्या खोलीच्या दाराशी बसून राहायचा आणि घशातल्या घशात गुरगुरायचा. आतून फुत्कार यायचा. बोक्याने दाराजवळच्या भिंतीवर, नवऱ्याच्या चपलांवर मुतून ठेवलं. नवऱ्याला दिवसा झोप लागेना. त्याचं काम मशीनवरचं, डुलकी लागून चालण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो जेवता जेवता म्हणाला, "तिला पेणला पोचवून ये. शेजारी कोणी बघेल."

मी म्हटलं, "उद्या ताईचं ऑपरेशन हाय."

तो ताट तसंच ठेवून उठला.

मांजर काही खात नव्हती. दुधाची वाटी जशीच्या तशी. दुपारी शेजारच्या घरी ताईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. तिने पहिलं विचारलं ते मांजर जेवते का. मी म्हटलं, पोटभर जेवते, पहिल्याच दिवशी जेवली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, ताईला काही झालं तर आमचं शेवटचं बोलणं हे खोटं असणार होतं.

ऑपरेशन नीट झाल्याचं दुसऱ्या दिवशी मामेभावाने कळवलं. त्याच दिवशी मासळी घेऊन येणाऱ्या मावशीने माझा हात बघितला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना तोंडं दाखवू नको गो. तिच्या अंगाखालचं फडकं याच्या वाटीपाशी टाक, याचं तिच्यापाशी. वास जुना होऊं दे." मी तसं केलं. बोक्याने फडकं हुंगलं आणि तो उपाशी निघून गेला. दोन दिवसांनी मात्र तो त्याच फडक्याशेजारी बसून जेवला. आतल्या वाटीतलं मासळीचं डोकंही त्या दिवशी संपलेलं होतं. मग रोज मी दोघांच्या वाट्या दाराच्या जरा जवळ सरकवत गेले. दार मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी चाटण्याचे आवाज.

पुढच्या आठवड्यात नळाला पाणी आलं म्हणून मी घाईने उठले आणि खोलीची कडी लावायची राहिली. हंडा घेऊन परत आले तर दार सताड उघडं. मांजर नाही, बोकाही नाही. जमिनीवर करड्या केसांचा पुंजका. मी खाटेखाली, मोरीत, परसात बघून आले. मग माळ्यावरून बारीक गुरगुर ऐकू आली.

मांजर माळ्यावर अगदी कोपऱ्यात चिकटलेली होती आणि बोका शिडीच्या वरच्या पायरीवर. नवरा उठून आला, चादर घेऊन. मी त्याचा हात धरला. का धरला ते मला आजही सांगता येणार नाही. आम्ही दोघं खाली उभे राहिलो. कितीतरी वेळ कुणीच हललं नाही. मग बोक्याने मान वळवली, पंजा चाटला आणि एकेक पायरी उतरून पाण्याच्या भांड्याकडे गेला. नवऱ्याने चादरीची घडी केली.

त्यांची मैत्री झाली नाही. पण दारं उघडी राहायला लागली. मांजर माळ्यावर, बोका खाटेवर, आणि जेवताना दोघांत हातभर अंतर.

ताई इस्पितळातून सुटली ती विश्रांतीला आमच्याकडेच आली. चार दिवस मी टाळलं, मग तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं की मी फोनवर खोटं बोलले होते.

"मला तेव्हाच कळलं," ताई म्हणाली. "नवीन जागी ती पहिल्या दिवशी तोंड लावते होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय केलं असतंस? इतक्या लांबून मी तरी काय करणार होते? म्हटलं, तू खोटं बोलतेस म्हणजे अजून धीर धरून हायस."

मी सूप पुढे ओढलं. ताईही पुन्हा खडे वेचायला लागली.

महिन्याभराने ती मांजर घेऊन पेणला निघाली. नवऱ्याने पाळी बदलून घेतली आणि स्वतः त्यांना सोडायला गेला. संध्याकाळी परतल्यावर त्याने सांगितलं की गाडीला गर्दी होती, मांजर सगळा वेळ त्याच्या मांडीवर होती आणि ताईला आता पेणच्या घराचा जिना चढता येतो.